डी हांट म्हणजे हात

काशीनाथभटांनी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जर्मन शिकायला घेतलं, तेव्हा काशीतल्या पंचगंगा घाटाच्या आसपासच्या मराठी घरांना उन्हाळाभर पुरेल एवढा विषय मिळाला. कुणी म्हणालं, भटजी आता परदेशात जाऊन सत्यनारायण सांगणार. कुणी म्हणालं, म्हातारपणी माणसाला कसलं तरी खूळ लागतंच, यांना जर्मनचं लागलं. पण हे सगळं लोक आपापल्या ओट्यावर बसून, आवाज खाली ठेवून बोलत. काशीनाथभट जर्मन का शिकताहेत हे गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असताना मोठ्याने हसायचा धीर कुणाला होत नव्हता.

त्यांचा एकुलता एक मुलगा विश्वजीत यंत्रांचं शिक्षण घ्यायला जर्मनीत गेला तो तिथलाच झाला. तिथेच नोकरी, तिथेच कात्रिन नावाच्या मुलीशी लग्न, आणि तिथेच त्यांना मुलगी झाली. तिचं बकुळ हे नाव आजीने, म्हणजे लीलाबाईंनी, इथून फोनवर सुचवलं होतं. गेल्या मार्गशीर्षात कामावरून घरी येताना बर्फावरून विश्वजीतची सायकल घसरली आणि मागून गाडी येत होती. बातमी आली तेव्हा काशीनाथभट कुणाच्या तरी आजोबांचं श्राद्ध सांगत होते.

कात्रिनने तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्याची रक्षा एका मोठ्या झाडाखाली पुरली. ज्या घराने चार पिढ्या देशभरच्या लोकांच्या अस्थी गंगेत सोडवल्या, त्या घरचा मुलगा गंगेला आला नाही. काशीनाथभट त्यावरून सुनेला एका अक्षराने बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणून त्यांना ते लागलं नव्हतं, असं मात्र कुणी समजू नये.

बकुळ तेव्हा पाच वर्षांची होती. बाप होता तोवर ती त्याच्याशी मराठी बोलायची, तोडकंमोडकं, पण गोड. दर रविवारी मोबाइलच्या पडद्यावर येऊन ‘आजोबा, काय करता?’ म्हणून विचारायची. बाप गेला आणि घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. मग एकेक शब्द गळत गेला. होळीच्या सुमारास तिला ‘आजी’ आठवेना, आणि चैत्रात एका रविवारी तिने ‘आजोबा’च्या जागी ‘ओपा’ म्हटलं. ओपा म्हणजे जर्मनमध्ये आजोबाच, कात्रिनने इंग्रजीत समजावून सांगितलं. काशीनाथभटांनी हसून मान डोलावली, मोबाइल लीलाबाईंच्या हातात दिला आणि ते गच्चीवर जाऊन उभे राहिले. आपल्याकडे पोराचं जे काही मागे राहिलं होतं तेही आता जाणार, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या आठवड्यात ते विद्यापीठाजवळच्या लंका नावाच्या वस्तीतल्या क्लासला गेले. औषधाच्या दुकानाच्या माडीवर देवश्री नावाची मुलगी तिथे जर्मन शिकवत असे. बँकेतल्या नोकरीवर इथे बदलून आलेल्या मराठी माणसाची ती मुलगी, चार वर्षं जर्मनीत राहून आलेली. तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या नर्सेस होत्या. जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं कमी पडतात, म्हणून बलिया-गाझीपूरच्या मुली जर्मन शिकून तिकडे जातात. त्या मुलींच्या रांगेत शेंडी, भस्म आणि खांद्यावर उपरणं घेऊन काशीनाथभट बसले. देवश्री आत आली की ते उठून उभे राहत. तिने दोनदा विनवलं, काका, बसा हो. त्यांनी सांगितलं, इथे तुम्ही गुरू, काका मी बाहेर. मग तिने नाद सोडला.

पहिल्याच दिवशी देवश्रीने प्रत्येकीला विचारलं, तिकडे गेल्यावर तुला सगळ्यात आधी कोणता शब्द लागेल? कुणी दुखणं म्हणालं, कुणी औषध, कुणी पाणी. एकीने पगार म्हटलं आणि सगळ्या हसल्या. काशीनाथभटांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, हात.

त्यांनी ते आधीच ठरवून ठेवलं होतं. वर्षश्राद्धाला कात्रिन बकुळला घेऊन यायची होती. पंचगंगेच्या पायऱ्या उभ्या, काही ठिकाणी झिजलेल्या, पोराला एकट्याने उतरता येणार नाहीत. म्हणजे हात धरावा लागणार. देवश्रीने त्यांना सांगितलं की तिकडे मुलाला एकदम उचलत नाहीत, गाल ओढत नाहीत, आधी विचारतात. काशीनाथभटांना ते पटलं. विचारायचं, तिने हात पुढे करायचा, आपण धरायचा आणि तिला गंगेपर्यंत न्यायचं. विश्वजीतला ते असंच नेत असत. त्यांना नातीकडून एवढंच हवं होतं, त्यापलीकडे काही नको होतं.

तर शब्द असा होता: डी हांट. आपल्याकडे हात तो, संस्कृतात हस्त, कर, पाणि सगळे पुल्लिंगी; जर्मनांनी त्याला स्त्रीलिंगी करून ठेवलंय. दोन दिवस त्यांनी यावर विचार केला आणि मग मान्य करून टाकलं, की वाढणारा, भरवणारा, थोपटणारा म्हटलं तर जर्मनांचंच बरोबर असेल. देवश्रीने एक शब्द चार वाक्यांत कसा बसतो ते दाखवलं. भेटल्यावर हात देतात. जेवायच्या आधी हात धुतात. म्हाताऱ्या रुग्णाला उठवताना अदबीने हात मागायचा. आणि रस्ता ओलांडताना मुलाला म्हणायचं, गिब मिर डी हांट. दे मला हात.

मुली एकमेकींचा हात धरून सराव करायच्या. एक नर्स व्हायची, एक म्हातारी व्हायची. काशीनाथभटांना जोडीदार कोण देणार? जन्मभर त्यांनी लोकांना लांबून नमस्कार केलेला. त्यांच्या हाताला दर्भ, पाणी, तीळ माहीत. मंत्र म्हणताना हाताने स्वर दाखवायचा हे माहीत. कुणाचा हात हातात घेऊन बोलायचं हे त्या हाताला ठाऊक नव्हतं. ते खुर्चीच्या पाठीला धरून सराव करत. मुली हसू दाबत, पण चहा आला की पहिला पेला त्यांच्यापुढे ठेवत.

घरी मात्र त्यांनी आपली जुनी रीत लावली. वेद जसा मुखोद्गत केला तसंच हेही. दोन-दोन शब्द घ्यायचे, सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे, म्हणजे अक्षर हलत नाही. लीलाबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत असत आणि बाहेरच्या खोलीतून सूर येई: गिब मिर, मिर गिब, गिब मिर, मिर डी, डी मिर, मिर डी, डी हांट, हांट डी, डी हांट. शेजारच्या एका नव्या भाडेकरूला वाटलं कुठलंसं दुर्मिळ सूक्त चाललंय, आणि त्याने दारातून नमस्कार केला. लीलाबाईंना त्या दिवशी वर्षात पहिल्यांदा हसू आलं.

श्रावणातल्या एका रविवारी काशीनाथभटांनी ते वाक्य पडद्यासमोर म्हटलं. बकुळ खूप हसली आणि भराभरा काही बोलली. कात्रिनने सांगितलं, ती म्हणते, ओपा, तू तिकडे आहेस, मी इथून कसा देऊ? काशीनाथभट म्हणाले, मग इकडे आलीस की दे. बकुळ म्हणाली, हो. तेवढ्या एका होवर त्यांनी पुढचे चार महिने काढले.

मार्गशीर्षात त्या दोघी आल्या. बाबतपूरच्या विमानतळावर बकुळ आईच्या कोटामागे लपली. काशीनाथभटांनी तोंड उघडलं, पण वाक्य काही बाहेर पडेना. मैदागिनच्या चौकात गाडी सोडून गल्लीतून चालत घरी येताना तिने दोन्ही हातांनी आईचा हात धरला होता. गाय आडवी आली, मोटारसायकल अगदी अंगाजवळून गेली, तरी तिने तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून त्यांनी विचारलं. अक्षर न् अक्षर बरोबर, आवाज मऊ. बकुळने त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि नाइन, म्हणजे नाही, म्हणाली. मग एकेका पायरीवर बूड टेकत, सरकत सरकत खाली उतरली. काशीनाथभटांनी वाईट वाटून घेतलं नाही. पोर आहे, ओळखीला वेळ लागतो. संध्याकाळी तिने त्यांच्या शेंडीला हात लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी नदीवरच्या पांढऱ्या पक्ष्यांना शेव टाकताना ती त्यांच्या अगदी जवळ उभी राहिली, आणि पुडीतली शेव संपल्यावर तिने त्यांचं उपरणं ओढलं. लीलाबाईंनी ते खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली, कारण त्यांना रडू आवरेना.

चौथ्या दिवशी श्राद्ध होतं.

बापाने मुलाला पिंड द्यायचा, म्हणजे उलटी गंगा. काशीनाथभटांनी इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगितलेले मंत्र आज विष्णुभट त्यांना सांगणार होते. विष्णुभट त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. पहाटे गार पाण्याने अंघोळ करून काशीनाथभट सोवळं नेसले. आता पिंड गंगेत पडेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. लीलाबाईंनी कात्रिनला आदल्या दिवशीच हे समजावून दिलं होतं. तीही समजूतदार, भिंतीशी चटईवर बसून राहिली. बकुळला कुणी काही सांगितलं नाही. ती अशी लाजरी, चार हात लांब राहणारी, तिला काय सांगायचं असं सगळ्यांना वाटलं.

खरं तर सोवळ्याच्या बाबतीत काशीनाथभट कर्मठ म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हते. यजमानाचं मूल मध्येच धावत येऊन बापाच्या मांडीवर बसलं, तर तेच म्हणायचे, असू द्या, मुलांना दोष नाही, पुढे चला. पण हे श्राद्ध वेगळं होतं. मुलाला काशी मिळाली नाही, गंगा मिळाली नाही, बापाच्या हातचा अग्नी मिळाला नाही. निदान एवढं तरी त्याला निर्दोष मिळू दे, यात कणभर कमी पडायला नको, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. आठ दिवसांपासून ते तिथी, सामग्री, मंत्र सगळं पुन्हा पुन्हा तपासत होते.

श्राद्ध चाललं होतं तोवर बकुळ आईच्या कुशीत बसून बघत होती. संस्कृतच्या ओघात अचानक विश्वजीत हे नाव आलं आणि ती ताठ झाली. पुन्हा आलं. तिने आईला काही विचारलं, आईने डोळे पुसत हो म्हटलं. मग ती सगळा वेळ आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली, पुन्हा ते नाव केव्हा येतं याची वाट पाहत. प्रत्येक वेळी नाव घेताना काशीनाथभटांचा आवाज फुटत होता, आणि ते तिला दिसत होतं.

पिंड पत्रावळीवर घेऊन ते घाटाकडे निघाले. पुढे विष्णुभट, मागे काशीनाथभट, त्यांच्या मागे बऱ्याच अंतरावर कात्रिन आणि बकुळ. ऊन नुकतं पायऱ्यांवर आलं होतं. डोळ्यांत पाणी, दोन्ही हातांत पत्रावळ, त्यामुळे त्यांना पायाखालचं नीट दिसत नव्हतं. झिजलेल्या एका पायरीवर त्यांचा पाय लटपटला. ते थांबले, सावरले, पुढची पायरी पायाने चाचपू लागले.

बकुळने ते पाहिलं. आईचा हात सोडून ती पायऱ्या उतरत धावत आली, त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि आपला उजवा हात वर करून स्पष्ट म्हणाली, ओपा, गिब मिर डी हांट.

तिची बोटं त्यांच्या मनगटाला लागणार तोच काशीनाथभट झटका बसावा तसे मागे सरले आणि ओरडले, “शिवू नकोस!”

हा आवाज त्यांनी विचार करून काढला नव्हता. पन्नास वर्षं सोवळ्यात वावरलेल्या माणसाच्या अंगातून तो आपोआप निघाला. बकुळला शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला, अंग चोरणं कळलं. तिने हात खाली घेतला आणि त्या हाताकडे पाहिलं. मग हळूहळू मागे सरकत आईपाशी गेली.

काशीनाथभट खाली गेले. पाण्यात उभे राहिले, पिंड सोडले, तीन ओंजळी पाणी दिलं. मंत्रात कुठे चूक झाली नाही. विष्णुभट म्हणाले, गुरुजी, सगळं यथासांग झालं. काशीनाथभटांनी मान हलवली, आणि जेवढ्या लवकर पायऱ्या चढता येतील तेवढ्या लवकर ते वर आले.

घरी बकुळ चौकातल्या नळापाशी होती. बाह्या वर करून ती साबणाने हात धूत होती. एकदा धुऊन झाले, तिने वास घेतला, पुन्हा साबण लावला. बोटांच्या बेचक्यातून, नखांतून, मनगटापर्यंत. डिसेंबरचं पाणी, हात लालबुंद झाले होते. कात्रिन तिच्याजवळ उकिडवी बसून हळू आवाजात समजावत होती की हा पूजेचा नियम असतो, मलासुद्धा लांब बसायला सांगितलं होतं, तुझं काही चुकलं नाही. बकुळ सगळं ऐकत होती आणि धूत होती. मग काशीनाथभटांना पाहून तिने नळ बंद केला, दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले, तळवे वर, मग पालथे, आणि काहीतरी विचारलं.

काशीनाथभटांनी कात्रिनकडे पाहिलं तेव्हा ती इंग्रजीत म्हणाली, ती विचारते आहे, आता स्वच्छ आहेत का? मग ओशाळून पुढे म्हणाली, तिच्या बालवाडीत जेवणाआधी असे हात दाखवावे लागतात.

काशीनाथभटांनी दोन्ही हात पुढे केले, पण तोवर कात्रिनने तिला टॉवेलात गुंडाळून उचललं होतं. पोर थंडीने कुडकुडत होती.

त्या दिवशी श्राद्धाचं जेवण झालं, ब्राह्मण जेवून गेले, भांडी घासून पडली. लीलाबाई दिवसभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. दिवेलागणीला त्या समोर येऊन बसल्या.

“तिला काय मालूम सोवळं-ओवळं,” त्या म्हणाल्या. “पण अहो, तुम्हाला तर मालूम होतं ना, ती हात कशाला देतेय?”

काशीनाथभट म्हणाले, “विश्वजीतसाठी म्हणून मी सगळं सांभाळत होतो गं.”

“विश्वजीतच तर आला होता हात द्यायला,” लीलाबाई म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

पोरगी बापाचं नाव ऐकून, आजोबांचं रडणं बघून, लाज सोडून धावत आली होती. आठ महिने ज्या वाक्यासाठी घोकंपट्टी केली ते तिने आपण होऊन त्यांना परत दिलं होतं. मुलांना दोष नाही हे त्यांनी हजार घरांत सांगितलं, आणि आपल्या घरात तेवढंच सांगायचं राहिलं.

त्यांनी देवश्रीला फोन केला. घडलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. विचारलं, सोवळ्याला जर्मनमध्ये काय म्हणतात? देवश्री म्हणाली, काका, असा शब्दच नाही तिकडे, आणि मोठ्या वाक्यांत सांगाल तर ते सहा वर्षांच्या मुलीला कळणार नाही. तुम्ही एवढंच सांगा की तुझा हात स्वच्छ आहे. डाइनं हांट इस्ट झाउबर. बाकी तिची आई सांगेल.

काशीनाथभटांनी ते वाक्य आपल्या रीतीने पाठ केलं, सुलटं, उलटं, पुन्हा सुलटं. या वेळी बाहेरच्या खोलीतून येणारा तो सूर ऐकून लीलाबाईंना हसू आलं नाही.

सकाळी बकुळ दूध पीत होती. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, डाइनं हांट इस्ट झाउबर. बकुळने पेला खाली ठेवला, हात पुढे धरून स्वतः एकदा बघितला आणि गंभीरपणे मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. काशीनाथभटांना आधी बरं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की तिला उलटंच कळलं आहे. काल हात घाण होता, तिने घासून धुतला, आज ओपाने तपासून पास केला. ते घाईघाईने म्हणाले, कालही, कालही स्वच्छ होता. पण काल या शब्दाचं जर्मन त्यांना ऐन वेळी आठवेना, आणि मराठीतला काल तिच्यासाठी नुसता आवाज होता. कात्रिनला बोलावून त्यांनी ते सांगायला लावलं. कात्रिनने सांगितलं. बकुळने आईचं ऐकून घेतलं, आजोबांकडे पाहून शहाण्यासारखी हसली आणि दूध प्यायला लागली. मोठी माणसं समजूत घालतात तेव्हा मुलं अशी हसतात, हे काशीनाथभटांनी पुष्कळ घरांत पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी परत निघाल्या. गाडी मैदागिनला येणार होती. सामान पुढे गेलं, कात्रिन आणि लीलाबाई बोलत बोलत पुढे चालू लागल्या. बकुळ दारात बुटाचा बंद ओढत मागे राहिली. काशीनाथभट तिच्यापाशी थांबले. ते आज सोवळ्यात नव्हते, साधा लोकरीचा स्वेटर घातला होता. त्यांनी वाकून विचारलं, गिब मिर डी हांट.

ती उठली. हात द्यायला पुढे केला आणि मध्येच थांबवला. कोटाला पुसला. मग तळवा वर करून दाखवला, पालथा करून दाखवला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

काशीनाथभटांनी तो तसाच धरायला आपला हात पुढे नेला. तिने आपला मागे घेतला. अजून त्यांनी बघितलं नव्हतं ना. तिने पुन्हा तळवा दाखवला, पुन्हा पालथा केला आणि वाट पाहिली. त्यांनी मान हलवल्याशिवाय ती देणार नव्हती, हे त्यांना कळलं. पुढे लीलाबाई हाका मारत होत्या, गाडी येऊन थांबली होती.

त्यांनी मान हलवली.

मग बकुळने हात दिला. लहान, गार, साबणाचा वास असलेला. काशीनाथभटांनी तो धरला आणि दोघं गल्लीतून चालू लागले. सकाळची गर्दी अजून व्हायची होती. ती आनंदात होती, उड्या मारत चालत होती, दुकानांच्या पाट्यांकडे बोट दाखवून काही बोलत होती, आणि त्यातला हात, घर, गाय असा एखादा शब्द त्यांना कळत होता. वळणावर एक वासरू बांधलेलं होतं. बकुळने हात सोडवून घेतला आणि त्याच्या कपाळावरून फिरवला. वासराने तिची बोटं चाटली. ती खदखदून हसली, परत आली, आणि आजोबांच्या पुढ्यात उभी राहून हातरुमालाने बोटं एकेक करून पुसू लागली. पुसून झाल्यावर तिने हात वर केला, आधी तळवा, मग पालथा.